बोअर ज्याचा त्याचा, पाणी कुणाचं?

माणदेशी_डाळिंब (सांगोला) :
आमच्याकडं बोअर सहाशे फुटांवर गेले. २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला बंदी आहे, म्हणजे दोनशे फूट! पण बोअरची गाडी रात्रीत येते आणि उजाडायच्या आत जाते. सरकार कुठंकुठं पुरणार? नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी टाळली, पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. पाऊस त्यांनाही काही आपल्यापेक्षा जास्त नाही. आपल्याकडंही रब्बीच्या आधी ग्रामसभेनं पाणी मोजावं आणि पिकं ठरवावीत.

भीमाकाठ :
ग्रामसभेला येतं कोण ओ? ज्याचे चार बोअर, तोच पुढच्या खुर्चीत. कर्ज काढून लावलेली बाग उद्या सभेनं मोडायला सांगितली तर हप्ते कोण भरणार? उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर आहे, तोडणीही कारखाना बघतो. ज्वारीचा हमीभाव कागदावरच.

काळं_रान (मंगळवेढा) :
ज्वारीला मध्ये ओढू नका. आमची मालदांडी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते, तिला बोअर लागत नाही. खरा प्रश्न वाटपाचा आहे. पुरंदरला नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं सत्तरच्या दशकात पाणी माणशी वाटलं : माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा, उसाला पाणी नाही. तुमच्या ताळेबंदात शेतमजूर बाई कुठं आहे?

भीमाकाठ :
पाणी पंचायतीची मोटार सामाईक, म्हणून पाळी लावता आली. इथं प्रत्येकाच्या बांधावर स्वतःचा स्टार्टर. रात्री दोनला लाईट आल्यावर कुणाची मोटार चालू आहे हे बघायला ग्रामसभा फिरणार का? आणि उजनी धरणाच्या कालव्यावर पाटानं ऊस भिजतोय तो दिसत नाही. ठिबकवाल्यालाच शिस्त!

माणदेशी_डाळिंब :
उजनीचं बरोबर आहे, त्यावर वेगळं भांडू. तो ऊस थांबेपर्यंत आमच्या विहिरी भरणार आहेत का? आणि शेतमजुराचा वाटाही ताळेबंदात धरायला हवा, हे मान्य. उभ्या बागांना हात लावू नका. निदान नवा बोअर ग्रामसभेच्या ठरावाशिवाय नको, आणि गावातल्या दोन-तीन विहिरींची पातळी दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.

भीमाकाठ :
फळा चालेल. ठरावाला माझा विरोधच. ज्यांचे बोअर झालेत ते हात वर करणार आणि ज्याचा अजून एकही नाही तो कायमचा कोरडा राहणार.