निमुळत्या टोकाचा चिरूट: हाताचं कसब, की नुसती आकाराची किंमत?

खाडीकाठ (धागाकर्ता)

मेहुण्यांची पन्नाशी पुढच्या महिन्यात आहे. वर्षातून तीन-चारदा, जेवणानंतर गच्चीवर बसून ते एक चिरूट ओढतात. दुबईहून जाताना त्यांच्यासाठी दहाचा एक बॉक्स न्यायचा आहे. दुकानदाराने विचारलं, सरळ देऊ की टोकदार? मी क्षणाचाही विचार न करता टोकदार म्हणालो. घरी आल्यावर, आपण असं का म्हणालो याचा विचार केला, तो इथे मांडतो.

हाताने वळलेल्या चिरुटांत ढोबळ दोन घराणी. एक 'पारेहो', म्हणजे सरळ नळकांडं: रोबुस्तो, कोरोना, चर्चिल. दुसरं 'फिगुरादो', म्हणजे कुठेतरी निमुळतं होणारं: पिरामिदे, टॉर्पेडो, बेलिकोसो आणि दोन्ही टोकं निमुळती असलेला पर्फेक्तो. 19व्या शतकाच्या अखेरीस दोन्हीकडून निमुळत्या चिरुटांचीच चलती होती, नंतर सरळ आकारांनी बाजार व्यापला. 1996 मध्ये क्युबाने 'कुआबा' हा ब्रँड काढला, तो पूर्णपणे त्या जुन्या दुटोकी आकारांसाठी.

माझं म्हणणं एवढंच, की वळणाऱ्याचा हात टोकापाशी दिसतो. सरळ चिरुटात आतली पानं (फिलर) एकसारखी भरली आणि त्यावर बाइंडरचं पान गुंडाळलं की लाकडी साचा बरंच काम करतो. निमुळत्यातही साचा असतो, पण तिथे साच्यात जाण्याआधी आतली पानं टोकाकडे कमी कमी करत न्यावी लागतात. जास्त राहिली तर धूर अडतो, कमी पडली तर टोक पोकळ होऊन ओठांत चेपतं. मग बाहेरचं पान, म्हणजे रॅपर, चावेताने (त्यांचं अर्धगोल पातं) असं वळण देऊन कापायचं की शंकूवर सुरकुती न पडता चढत जाईल. क्युबात हे आकार मुरलेल्या तोर्सेदोरांच्याच (चिरूट वळणाऱ्यांच्या) हाती देतात, नवशिक्यांना नाही.

मोंतेक्रिस्तो नंबर 2 हा क्युबन पिरामिदे घ्या. लांबी 156 मिलिमीटर, रिंग गेज 52. रिंग गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हा जाडी साधारण 20.6 मिलिमीटर. एवढा जाड चिरूट तोंडात धरायला अवजड, पण निमुळत्या टोकामुळे ओठांत अलगद बसतो आणि धूर एका अरुंद वाटेने जिभेवर येतो. टोक किती कापायचं हेही तुमच्या हातात. थोडं कापलं तर ओढ घट्ट, जास्त कापलं तर मोकळी. सरळ चिरुटात ही मुभा इतकी नाही.

वर्षातून तीनदाच ओढायचा असेल, तर ज्यात माणसाच्या बोटांचं काम सर्वांत जास्त आहे तोच घ्यावा.

हडसनपार

असहमत. सविस्तर लिहितो, कारण याच विचाराने मी बरीच वर्षं पैसे घालवले.

मी न्यू जर्सीत राहतो. इथे क्युबन माल विकायला बंदी आहे, निर्बंध 1962 पासूनचे. 2016 मध्ये प्रवाशांना स्वतःपुरता आणायची मोकळीक मिळाली होती, तीही 2020 मध्ये गेली. त्यामुळे माझा अनुभव निकाराग्वा आणि डॉमिनिकन रिपब्लिकच्या मालाचा. मला वाटतं आज त्यांचं काम कुणापेक्षाही उणं नाही.

पहिला मुद्दा चवीचा. टोकदार चिरूट चवीला वेगळा लागतो, असं म्हणणाऱ्यांनी भूमिती बघावी. टॉर्पेडोचा बहुतेक भाग सरळच असतो, निमुळता होतो तो शेवटच्या दीड-दोन इंचांत. त्यातलं टोक तुम्ही कापून टाकता आणि उरलेला निमुळता भाग बहुतेक जण पेटत तिथवर पोचायच्या आधीच खाली ठेवतात. म्हणजे जळतो तो सरळ भाग. रॅपरची चव हवी असेल तर बारीक चिरूट घ्या. रॅपर परिघावर असतं आणि फिलर आतल्या क्षेत्रफळात, त्यामुळे जाडी जितकी कमी तितका रॅपरचा वाटा जास्त. 52 च्या तुलनेत 42 रिंगच्या साध्या कोरोनात तो वाटा जवळपास पावपट वाढतो. त्यासाठी टोक लागत नाही.

दुसरा मुद्दा ओढीचा. काही वर्षांपूर्वी टोकदार चिरुटांचा एक महागडा बॉक्स घेतला होता. नाव लिहीत नाही. वीसपैकी सहा तुंबलेले. कितीही कापा, गाल आत जातील इतकं ओढा, धूर येईना. जिथून निमुळतेपणा सुरू होतो तिथेच पानं दाटली होती. त्याच कारखान्याच्या रोबुस्तोमध्ये ही अडचण मला एकदाही आली नाही. कसब जितकं अवघड, तितकी चूक होण्याची शक्यता जास्त, आणि त्या चुकीचे पैसे गिऱ्हाईक भरतं.

नावांचा गोंधळ वेगळाच. जुन्या अर्थाने पिरामिदे म्हणजे टोकापासून बुडापर्यंत रुंदावत जाणारा, टॉर्पेडो म्हणजे मध्ये फुगलेला आणि बूड बंद असलेला. आता टोक असलेल्या कशालाही टॉर्पेडो म्हणतात.

खाडीकाठ

@हडसनपार, भूमितीचा मुद्दा मान्य, टॉर्पेडोपुरता. पण पर्फेक्तोचं काय? तिथे पेटवायचं बूडच निमुळतं असतं. पहिल्या काही झुरक्यांत जळतं ते जवळपास रॅपर आणि बाइंडरच, मग चिरूट जाड होत जातो तसा फिलर बोलू लागतो. आर्तुरो फुएंतेचा हेमिंग्वे शॉर्ट स्टोरी ओढून बघा. जेमतेम 4 इंच, कॅमेरून रॅपर. सुरुवातीची गोडसर चव आणि मधली चव सरळ सरळ वेगळ्या लागतात.

आणि 2014 मध्ये 'सिगार आफिसियोनादो' मासिकाने वर्षातला पहिला क्रमांक दिला तो ओलिवा सेरी व्ही मेलानिओच्या फिगुरादोला, म्हणजे निकाराग्वाच्याच टोकदार चिरुटाला. त्याच्या आदल्या वर्षी मोंतेक्रिस्तो नंबर 2. दोन्ही वर्षं टोकदार.

हडसनपार

मासिकाच्या क्रमांकावर मी खरेदी करत नाही. पर्फेक्तोबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, तिथे आकार खरंच चव बदलतो. माझा आक्षेप टॉर्पेडोसाठी मोजाव्या लागणाऱ्या जास्तीच्या किमतीला आहे, तो कायम.

सोलापूरकर

तुम्ही दोघं हाताच्या कसबाबद्दल इतकं मनापासून लिहिताय म्हणून लिहितो.

माझी आत्या चाळीस वर्षं विड्या वळत होती. विडीही निमुळतीच असते, एका बाजूला बारीक, दुसऱ्या बाजूला रुंद. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन पानात जर्दा पसरायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. साचा नाही, दाब नाही, सगळा आकार बोटांत. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने, म्हणजे हजारी. कारखान्यात माल द्यायला गेलं की वाकड्या, सैल विड्या बाजूला काढायच्या आणि त्यांचे पैसे कापायचे. आमच्या गल्लीत हे काम बहुतेक बायकाच करायच्या, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या खूप. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची 10,000 घरांची वसाहत उभी राहिली, ती 2006 मध्ये त्यांच्या ताब्यात आली. त्यासाठी किती वर्षं मोर्चे निघाले ते मी लहानपणी पाहिलंय.

आता माझा विरोध कुठे आहे ते सांगतो. खाडीकाठ म्हणतात, ज्यात बोटांचं काम जास्त तो घ्यावा. मग विडीत बोटांचं काम कमी आहे का? आत्याच्या हाताला 'कसब' कुणी म्हटलं नाही. हवानाच्या माणसाचं टोक कसब आणि सोलापूरच्या बाईचं टोक हजारी, हा फरक आकाराचा नाही, किमतीच्या पट्टीचा आहे. चिरूट घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण किंमत हाताची मोजतोय असं मनाशी म्हणत असाल, तर त्यातलं त्या हातापर्यंत किती पोचतं हेही विचारा.

खाडीकाठ

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी कसब म्हणालो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हवानाच होतं, हे खरं आहे. 'चिरूट' हा शब्द तर तमिळ 'सुरुट्टू'वरून आलेला. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगुलचे चिरूट इंग्रजांच्या काळात विलायतेला जायचे. हाताने वळण्याची परंपरा आपल्याकडेही मोठी आहे आणि मी ती मोजलीच नव्हती. एवढं मात्र म्हणेन, की चांगल्या वळणाऱ्याचं काम ओळखून घेणारं गिऱ्हाईक राहिलं नाही, तर यंत्राने वळलेला मालच उरेल आणि मग ती मजुरीही जाईल.

दंतवैद्य_पुणे

मला आकाराच्या वादात पडायचं नाही. पण धाग्यात अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मेहुण्यांसाठी नेताय, म्हणून कळकळीने.

'आम्ही धूर छातीत घेत नाही' हे वाक्य माझ्या खुर्चीत बसून अनेकांनी म्हटलंय. चिरुटाचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन छातीत न नेताही तोंडाच्या अस्तरातून शोषलं जातं. मोठ्या एका चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका या सगळ्यांच्या कर्करोगाशी चिरुटाचा संबंध आहे. हातवळणीचा, महागडा, वर्षानुवर्षं मुरवलेला, कशानेही हे बदलत नाही. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला तर थांबू नका, दाखवा.

द्यायचाच असेल तर लहान द्या आणि बॉक्स देऊ नका. हाताशी दहा असले की वर्षातून तीनदाचं महिन्यातून तीनदा होतं.

हडसनपार

डॉक्टरांचं शेवटचं वाक्य अगदी खरं. माझंही तसंच झालं होतं.

खाडीकाठ

डॉक्टर, आभारी आहे. बॉक्सचा विचार सोडला. तीनच नेतो, लहान पर्फेक्तो. 156 मिलिमीटरचा पिरामिदे संपायला तास-दीड तास लागतो, त्यापेक्षा 4 इंची बरा. हडसनपार यांचा पर्फेक्तोपुरता होकार आहेच.

@सोलापूरकर, एक विचारायचं आहे. दुकानात सुटे चिरूट हातात घेऊन बघता येतात. आतापर्यंत मी टोकावरची सुरकुती आणि शिवण तेवढी बघत आलो. तुमच्या आत्या हाताने कशा ओळखायच्या, चांगली वळलेली कोणती आणि दाटलेली कोणती?

सोलापूरकर

संध्याकाळी फोन केला होता. आधी तिला पटेना की हे कुणाला जाणून घ्यायचंय. मग म्हणाली, टोकाकडं बघायचंच नाही, टोक सगळ्यांनाच छान करता येतं. टोकाच्या जरा खाली, जिथं बारीक व्हायला लागतं तिथं, अंगठा आणि तर्जनीत धरून हळू फिरवायचं. सगळीकडून सारखं दबलं तर चांगलं. एका बाजूला गाठ लागली तर ती ओढायला येत नाही, परत ठेवायची. डोळे मिटून केलं तर लवकर कळतं, असंही म्हणाली.