‘वेळ’ म्हणजे समय की समुद्रकिनारा? एकाच शब्दाचे दोन अर्थ, की मुळात दोन शब्द?

खाडीकाठचा पाहुणा

नमस्कार मंडळी. माझे सारे शिक्षण पुण्यात झाले. वेंगुर्ल्याजवळच्या आत्याकडे आम्ही केवळ मे महिन्यात जात असू. यंदा बऱ्याच वर्षांनी गेलो आणि पोहोचताच काका कुठे आहेत असे विचारले, तेव्हा आत्या म्हणाली, “काका वेळेर गेलेत.” काका वेळेवर गेले हे ठीक, पण गेले कुठे, असे मी पुन्हा विचारले आणि घरातले सगळे हसू लागले. काका किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला गेले होते. तिकडे ‘वेळ’ म्हणजे समुद्रकाठची वाळूची पट्टी, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. शिरोड्याच्या वेळागरला मी लहानपणापासून जात आलो आहे, पण त्या नावात वेळ आणि आगर असे दोन सरळ शब्द दडलेले असतील, हे तोवर कधी मनात आले नव्हते. मंडणगडकडच्या वेळासच्या नावातही हाच ‘वेळ’ असावा असे आता वाटते.

घरी परतल्यावर संस्कृत शब्दकोश उघडला. ‘वेला’ या शब्दापुढे सीमा, किनारा, भरती, समय, संधी असे अर्थ एकाखाली एक दिलेले आढळले. माझा प्रश्न असा, की हे सगळे अर्थ एकाच मुळातून आले आहेत, की ध्वनीने सारखे झालेले वेगवेगळे शब्द कोशकारांनी एका नोंदीत बसवले आहेत? आणि मूळ एकच असेल, तर आधी कोणता आणि मागून कोणता? प्रमाण मराठीत समय उरला आणि किनारा गेला, हे कशामुळे झाले असावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त संस्कृत शिक्षक

शब्द एकच आहे, आणि त्याच्या पोटातला मूळ अर्थ ‘मर्यादा’ असा आहे, असे माझे मत आहे. शतपथब्राह्मण या वैदिक ग्रंथात हा शब्द सीमा या अर्थी येतो. अमरसिंहाच्या अमरकोश या संस्कृत कोशातल्या नानार्थवर्गात, म्हणजे अनेक अर्थांच्या शब्दांच्या प्रकरणात, त्याची नोंद अशी आहे: “अब्ध्यम्बुविकृतौ वेला कालमर्यादयोरपि”, म्हणजे समुद्राच्या पाण्यात होणारा बदल, काळ आणि मर्यादा. ‘अब्ध्यम्बुविकृति’ हा शब्द मला नेहमीच फार नेमका वाटत आला आहे. भरती आणि ओहोटी या दोहोंना तो एकाच वेळी कवेत घेतो.

याहून महत्त्वाची गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काठ या अर्थाचे शब्द अमरसिंहाने वारिवर्गात, म्हणजे पाण्याविषयीच्या शब्दांच्या प्रकरणात, एकत्र दिले आहेत: “कूलं रोधश्च तीरं च प्रतीरं च तटं त्रिषु.” या यादीत वेला नाही. मला यावरून असे दिसते, की तीर किंवा तट म्हणजे पाण्याकाठची जमीन, ती पाणी आटले तरी जागच्या जागी राहते. वेला मात्र पाणी जिथवर येते आणि जिथून परत फिरते ती रेषा आहे. नदीला तीर असते. वेला हा शब्द काव्यात बहुधा समुद्राच्या वाट्याला येतो, कारण रोज पुढे येऊन रोज मागे हटणारे पाणी समुद्राचेच.

महाभारताच्या युद्धपर्वांत एक उपमा पुन्हा पुन्हा भेटते: चाल करून आलेल्या सैन्याला एखादा वीर “वेलेव मकरालयम्”, म्हणजे मगरींच्या घराला, समुद्राला, वेलेने अडवावे तसा थोपवतो. येथे नुसत्या वाळूचे चित्र मानले तर उपमा दुबळी होते, कारण वाळूचा बांध कोणाला थोपवणार? पाण्याने स्वतःहून पाळायची सीमा असे मानले, तरच तिला बळ येते. ही सीमा सुटली की ‘उद्वेल’ हे विशेषण लागते. मराठीत आपण ‘उद्वेलित मन’ म्हणतो त्यातही हाच शब्द आहे.

कालिदासाने तो दोन्ही बाजूंनी वापरला आहे. रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीप राजाची पृथ्वी “स वेलावप्रवलयां परिखीकृतसागराम्” अशी आहे, म्हणजे वेला हीच तिची तटबंदी आणि सागर हाच खंदक. तेराव्या सर्गात राम पुष्पक विमानातून सीतेला समुद्र दाखवतो, तेव्हा “वेलानिलः केतकरेणुभिस्ते सम्भावयत्याननमायताक्षि” असे म्हणतो. किनाऱ्यावरचा वारा केवड्याच्या परागांनी तुझे मुख सजवतो आहे, कारण सजण्यासाठी लागणारा उशीर मला सोसणार नाही हे त्याला जणू ठाऊक आहे. उशिराची गोष्ट सांगताना कवीने ‘मण्डनकालहानेः’ असे म्हटले आणि वेला हा शब्द किनाऱ्यासाठी राखून ठेवला. केवड्याची बने पाहिलेल्या कोकणी वाचकाला हा श्लोक समजावून सांगावा लागत नाही.

समय हा अर्थ आला तो येथूनच. काल अखंड आहे, त्याला कड नाही. त्यातला जो तुकडा कडांनी बांधला गेला ती वेला. म्हणून भोजनवेला, स्नानवेला असे समास होतात, आणि आपल्या पंचांगांत वारवेला आणि कालवेला असतात. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, ‘वेल कालोपदेशे’, म्हणजे काळ सांगणे, असा धातू आहे खरा; पण त्याच धातुपाठात ‘वेलृ’ हा धातू ‘चलने’, म्हणजे हलणे, या अर्थीही सांगितला आहे, तेव्हा केवळ धातूंवरून या वादाचा निकाल लावता येणार नाही.

रापणीचा दोर

मी वेंगुर्ले तालुक्यातला. आमच्या घरी तीन पिढ्या रापण आहे, म्हणून मास्तरांच्या विवेचनाला किनाऱ्यावरची थोडी माहिती जोडतो. आमच्या बोलीत ‘वेळेर’ म्हणजे किनाऱ्यावर, हे पाहुण्यांना आता कळलेच आहे. गोव्यात कोकणीत ‘दर्यावेळ’ म्हणतात. म्हणजे प्रमाण मराठीने सोडलेला अर्थ किनाऱ्याने सोडलेला नाही, आणि तो सुटेल तरी कसा, कारण त्या शब्दाचे काम आमच्याकडे रोजच पडते.

समय आणि भरती हे अर्थ एका शब्दात कसे आले, याचे नवल समुद्रापासून दूर राहणाऱ्यालाच वाटावे. आमच्याकडे घड्याळ नव्हते तेव्हाही वेळ होती, आणि ती पाण्यावर होती. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे 12 तास 25 मिनिटांनी येते, त्यामुळे आजची भरती उद्या साधारण 50 मिनिटे पुढे सरकते. यासाठी जुन्या लोकांचा हिशेब असा, की चालू तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, एकादशीला सव्वाआठला. तिथीमागे पाऊण तास, म्हणजे 45 मिनिटे, धरली जातात. काटेकोर हिशेबाने 24 तासांना 30 तिथींनी भागले तर 48 मिनिटे येतात. शाळेत न गेलेल्या माणसांचा अंदाज केवळ तीन मिनिटांनी चुकत होता. बंदरागणिक फरक पडतो हे खरे, पण होडी कधी लोटायची आणि जाळे कधी सोडायचे हे ठरवायला एवढे पुरते.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास पाणी जोरात चढते आणि तितकेच खाली जाते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाण्याला जोर नसतो, ते भांगाचे पाणी. ओहोटीला आम्ही सुकती म्हणतो. उधाणाच्या दिवसांत वेळ रुंद होते आणि अरुंदही होते. एकाच दिवशी दुपारी ज्या जागी होडी पाण्यात होती, तीच जागा संध्याकाळी कोरडी पडलेली असते. मास्तरांनी ‘पाण्याची रेषा’ म्हटले ते म्हणूनच पटले.

शब्दवेल्हाळ

एक भाबडी शंका विचारतो. वेलीचा ‘वेल’ हाही याच कुळातला नाही का? लाटेची कड वाळूवर वळणे घेत जाते, ती एखाद्या वेलीसारखीच दिसते.

निवृत्त संस्कृत शिक्षक

चित्र सुरेख आहे, पण नाते नाही. वनस्पतीचा वेल हा संस्कृत ‘वल्ली’ आणि प्राकृत ‘वेल्ली’ यांच्याकडून आला. आपल्या नावातला ‘वेल्हाळ’ तर आणखी निराळा. मराठीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांचा भेदच येथे मदतीला येतो: संस्कृतातला दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत पुष्कळदा ळ होतो, जोडाक्षरातला ल्ल मात्र ल होऊन उरतो. म्हणून वेलेची वेळ झाली आणि वेल्लीची वेल झाली.

जुने पान

मी पाली वाङ्मयाचा विद्यार्थी आहे. मास्तरांनी तीर आणि वेला यांत जो भेद केला, त्याला पालीतून जो दुजोरा मिळतो तो मला फार बोलका वाटतो.

बौद्धांच्या खुद्दकनिकाय या ग्रंथसंग्रहातल्या ‘उदान’ या ग्रंथात उपोसथाच्या, म्हणजे भिक्षूंच्या व्रतसभेच्या, रात्रीचा एक प्रसंग आहे. रात्र सरत चालली तरी बुद्ध पातिमोक्ख, म्हणजे भिक्षूंची नियमावली, सांगत नाहीत, आणि त्यांचा शिष्य आनंद तीनदा विनवतो. सभेत एक अशुद्ध आचरणाचा माणूस बसला आहे, हे कारण मागून कळते आणि मोग्गल्लान हा दुसरा शिष्य त्याला बाहेर काढतो. त्यानंतर बुद्ध महासमुद्राचे आठ आश्चर्यकारक गुण सांगतात. त्यांपैकी एक असा: “महासमुद्दो ठितधम्मो वेलं नातिवत्तति.” समुद्र स्थिरस्वभाव आहे, तो वेला ओलांडत नाही, तसेच माझे श्रावक जीव गेला तरी शिक्षापदांचे, म्हणजे घालून दिलेल्या नियमांचे, उल्लंघन करत नाहीत. लगेच पुढचा गुण असा, की समुद्र आपल्यात प्रेत राहू देत नाही, ते लवकरच ‘तीरं वाहेति’, म्हणजे तीरावर वाहून नेतो. प्रेत जिथे जाऊन पडते ती जागा तीर आणि जी ओलांडायची नाही ती वेला, असे दोन शब्द शेजारी शेजारी पण आपापल्या कामाला लावलेले आहेत. शिवाय याच ग्रंथात प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी ठरलेले वाक्य येते: “तायं वेलायं इमं उदानं उदानेसि”, म्हणजे त्या वेळी हे उद्गार काढले. मर्यादा आणि समय हे दोन्ही अर्थ एकाच सुत्तात मिळाल्यावर दोन वेगळे शब्द होते असे म्हणणे कठीण जाते. ‘अतिवेल’ या शब्दातही तेच दिसते: संस्कृतात ‘अतिवेलम्’ म्हणजे मर्यादेबाहेर, तर पालीत ‘अतिवेलं’ म्हणजे वाजवीपेक्षा अधिक वेळ.

जैनांकडे तर या सीमेला राखणदारच आहेत. जंबूद्वीपाला वेढणाऱ्या लवणसमुद्राच्या तळाशी चार दिशांना चार प्रचंड पातालकलश आहेत, त्यांतला वायू क्षुब्ध झाला की पाणी उचंबळते, आणि ते द्वीपावर येऊ नये म्हणून वेलंधर नावाचे नागदेव ते आवरून धरतात, असे वर्णन येते. भरतीचे कारण चंद्राऐवजी कलशात शोधले आहे, पण वेला ‘धरायची’ वस्तू आहे ही जाणीव तीच आहे.

बंगालीत आजही दोन्ही अर्थ जिवंत आहेत: ‘बेला’ म्हणजे दिवसाचा प्रहर, आणि ‘बेलाभूमि’ म्हणजे समुद्रकिनारा. तमिळ काव्यात ‘वेलै’ खुद्द समुद्रालाच म्हणतात, आणि समयाला ‘वेळै’. कन्नडची ‘वेळे’ आणि तेलुगूची ‘वेळ’ मात्र समयापुरत्याच उरल्या आहेत, आपल्या प्रमाण मराठीसारख्या.

रापणीचा दोर

इंग्रजीतही भरती-ओहोटीला जो ‘टाइड’ शब्द आहे, त्याचा जुना अर्थ ‘काळ’ असाच होता आणि जर्मन भाषेत त्याचाच भाऊबंद ‘त्साइट’ आजही समयाला वापरतात, असे मी बोटीवर असताना एका कप्तानाकडून ऐकले होते. तेव्हा समुद्र जिथे आहे तिथे हे घडतेच, असे दिसते.

शब्दवेल्हाळ

भाबडी शंका फुकट गेली, म्हणून आता थोडी मराठीपुरती भर घालतो. आपल्याकडे वेळ हा शब्द पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही, आणि हे लिंग मनाला येईल तसे बदलत नाही. ‘मला वेळ मिळाला नाही’, ‘थोड्या वेळाने येतो’, ‘फार वेळ गेला’ येथे तो पुल्लिंगी आहे आणि मोजता येणारा अवधी दाखवतो. ‘परीक्षेची वेळ झाली’, ‘माझ्यावर ही वेळ आली’, ‘वेळेवर ये’ येथे ती स्त्रीलिंगी आहे आणि एक नेमकी कड दाखवते, जी गाठायची असते किंवा चुकते. संस्कृत वेला स्त्रीलिंगी, किनाऱ्यावरची वेळही स्त्रीलिंगी. म्हणजे मर्यादेचा जुना अर्थ स्त्रीलिंगी रूपाने जपला आणि पुल्लिंगी रूप अवधीकडे वाहत गेले. ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ ही म्हण याला उत्तम साक्ष आहे. काळ आणि वेळ यांचा अर्थ एकच असता, तर ही म्हण निर्माणच झाली नसती.

कातरवेळ हा शब्दही याच दृष्टीने पाहावा. दिवस आणि रात्र यांच्यामधली ती कड आहे, आणि तीही स्त्रीलिंगीच आहे.

खाडीकाठचा पाहुणा

सर्वांचे मनापासून आभार. काका वेळेर गेले या वाक्यात मी जो गोंधळ केला, तो दोन शब्दांमधला नसून एकाच शब्दाच्या दोन कडांमधला होता, असे आता म्हणता येईल.

आज षष्ठी आहे. पाऊणपटीच्या हिशेबाने साडेचारला पूर्ण भरती यायला हवी होती, म्हणून मी मुद्दाम चारलाच काकांबरोबर वेळेवर, म्हणजे वेळेर, जाऊन बसलो. आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी उतरायला लागलेले होते. ओल्या वाळूची चांगली हातभर पट्टी उघडी पडली होती. मी हिशेब सांगितला, तर काका म्हणाले की पंचमी-षष्ठीला पाणी असे थोडे आधीच फिरते, आकडा अमावास्येजवळ बरोबर येतो. रापणीचा दोर यांचा यावर काय अनुभव आहे, हे वाचायला आवडेल.

रापणीचा दोर

काकांचे म्हणणे बरोबर आहे. उधाणाकडून भांगाकडे जाताना भरती रोज पन्नास मिनिटांहून कमी सरकते, आणि भांगातून बाहेर पडली की जास्त सरकून ती तूट भरून काढते. म्हणून पंचमी ते सप्तमी या दिवसांत आम्ही पाऊणपट करून त्यातून अर्धा-पाऊण तास वजा करतो. दशमीला जाऊन पुन्हा पाहा.