नवोदित नेमबाजासाठी परवडणारी गॅस पिस्टन एअर रायफल घ्यावी का? सल्ला हवा आहे

नमस्कार.

माझी मुलगी नववीत शिकते आणि इथे कोल्हापुरातच १० मीटर एअर रायफलचे प्रशिक्षण घेते. तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील जागतिक विजेतेपद आणि कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक यांमुळे आमच्या भागातील मुलांना हा खेळ आपला वाटू लागला आहे, आणि तिची ओढही मनापासूनची आहे. मात्र रेंजवर रायफल पाळीपाळीने मिळते. त्यामुळे घरच्या सरावासाठी वीस हजारांच्या आत एखादी रायफल घ्यावी, असा विचार आहे. परदेशी बनावटीच्या मॅच रायफलींच्या, म्हणजे स्पर्धेसाठीच्या रायफलींच्या, किमती लाखाच्या पुढे असल्याने त्या तूर्त आवाक्याबाहेर आहेत.

दुकानदाराने गॅस पिस्टन प्रकाराची शिफारस केली. यात पोलादी स्प्रिंगऐवजी दाबाखालील वायूचे बंद सिलिंडर असते. नळी खाली मोडली, म्हणजे बिजागरीवर वाकवली, की हा वायू आणखी दाबला जातो आणि घोडा ओढताच पिस्टन पुढे झेपावून छऱ्यामागची हवा दाबतो. स्प्रिंगचा झणका त्यात नसतो आणि रायफल काही वेळ ताणलेली राहिली तरी स्प्रिंगप्रमाणे ती सैल पडत नाही, हे मला पटले. त्याने कार्बन डायऑक्साइडच्या १२ ग्रॅमच्या नळकांडीवर चालणारी अर्धस्वयंचलित रायफलही दाखवली, परंतु भराभर बार काढले की वायू थंड होऊन दाब उतरतो, त्यामुळे ती सरावाच्या कामाची नाही.

माझी खरी अडचण पुढे आहे. मुलीने कुंदा मांडीवर टेकवून दोन्ही हातांनी जोर लावला, तरी नळी शेवटच्या टप्प्यात अडलीच. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत ६० बार असतात. तेवढ्या वेळा ती नळी मोडायची तर नेम धरण्याआधीच खांदे भरून येतील. शिवाय पिस्टनच्या हालचालीमुळे छर्रा नळीतून सुटण्यापूर्वीच रायफल हलते, त्यामुळे ती घट्ट न आवळता सैल हाताने धरावी लागते. मॅच रायफलला असा धक्का जवळपास नसतोच. या दोन प्रकारच्या रायफली धरण्याच्या सवयी एकमेकींच्या आड येतील का, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

ताकदीचाही प्रश्न आहे. ४.५ मिमी व्यासाच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि बाजारातील अनेक मॉडेल या मर्यादेच्या जवळ जातात. मॅच रायफलची ऊर्जा साधारण साडेसात-आठ जूल असते. शिवाजी पेठेतील आमच्या जुन्या घरात सोप्यापासून परसापर्यंत दहा मीटर सरळ अंतर मिळते, पण पलीकडे शेजाऱ्यांची भिंत आहे. त्यामुळे मला कमी ताकदीचीच रायफल हवी आहे.

दुरुस्तीचेही विचारतो. उद्यमनगरात लेथवर हवा तो भाग बनवून मिळतो, हे आपल्या शहराचे भाग्य आहे, परंतु दाबाखालचे सिलिंडर कुणाकडूनही उघडून घ्यायची माझी तयारी नाही. वायू गळल्यास भारतीय कंपन्यांकडून पूर्ण सिलिंडर सुटे मिळते का?

सहज मोडता येणारे, कमी ताकदीचे आणि मॅच रायफलसारखी पीप साइट (बारीक छिद्रातून पाहून नेम धरण्याचे साधन) बसवता येणारे गॅस पिस्टन मॉडेल कुणी वापरले असल्यास कृपया अनुभव लिहावा. त्यापेक्षा थोडे थांबून वापरलेली मॅच रायफल घेणे बरे, असे वाटत असेल तर तशी रायफल पाहताना कोणते भाग तपासावेत, हेही सांगावे.