‘बुंड’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : रशियन साम्राज्यातील ज्यू कामगारांच्या ‘बुंड’ या संघटनेविषयी लिहिताना ‘पक्ष’ म्हणावे की ‘संघ’? आपल्या ‘बंड’शी या शब्दाचे काही नाते आहे काय?

उत्तर : ‘बंड’शी केवळ ध्वनिसाम्य आहे; नाते आहे ते ‘बंध’शी. यिडिश या पूर्व युरोपातील ज्यूंच्या भाषेतील ‘बुंड’ ज्या प्राचीन धातूपासून आला, तोच संस्कृतात ‘बन्ध्’ या रूपाने दिसतो, म्हणून ‘बांधणे’ आणि ‘बांधव’ हे त्याचे दूरचे सोयरे ठरतात.

ऑक्टोबर 1897 मध्ये विल्ना (आजचे विल्नियस) येथे 13 प्रतिनिधींनी गुप्तपणे भरवलेल्या बैठकीत ही संघटना स्थापन झाली. ‘आल्गेमेनर यिदिशर आर्बेटर बुंड’ या तिच्या यिडिश नावातील ‘आल्गेमेनर’चे भाषांतर ‘सर्वसाधारण’ असे केल्यास मराठी वाचकाला तो शब्द ‘साधारण दर्जाचा’ असा वाटेल. गावोगावच्या कामगार मंडळांना एकत्र बांधणे हा हेतू ‘अखिल’ या शब्दात नेमका उतरतो. ‘यिदिशर’ या विशेषणात ज्यू आणि यिडिश हे दोन्ही अर्थ आहेत, आणि ते येथे फार महत्त्वाचे वाटते, कारण आर्काडी क्रेमर यांच्यासारखे आरंभीचे कार्यकर्ते रशियन शिक्षणात वाढलेले असूनही कामगारांपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांच्या मंडळींनी यिडिशची वाट धरली.

मी ‘अखिल ज्यू कामगार संघ’ असे एकदा लिहून पुढे ‘बुंड’च ठेवीन. ‘पक्ष’ हा शब्द अर्थाने चुकीचा नाही, पण त्याने घोटाळा होतो : 1898 मध्ये मिन्स्क येथे रशियन सोशल डेमोक्रॅटिक कामगार पक्ष स्थापन झाला, तेव्हा बुंड त्यात स्वायत्त संघटना म्हणून सामील झाला, आणि पक्षाची रचना संघराज्यासारखी असावी व ज्यू कामगारांचे प्रतिनिधित्व केवळ आपण करावे ही मागणी फेटाळली गेल्यावर 1903 च्या अधिवेशनातून त्याचे 5 प्रतिनिधी निघून गेले. आणखी दोघे प्रतिनिधीही बाहेर पडल्याने लेनिनच्या गटाला बहुमत मिळाले. ‘बोल्शेविक’ म्हणजे बहुमतवाले, हे नाव त्यातूनच पडले.

प्रश्न : बुंडवाल्यांच्या ‘दोइकाइट’ या यिडिश संकल्पनेसाठी ‘स्थानिकता’ चालेल काय?

उत्तर : नको. ‘दो’ म्हणजे इथे, ‘काइट’ म्हणजे आपला ‘-पण’ हा प्रत्यय; म्हणून ‘इथलेपण’. बुंडच्या काही आठवडे आधीच बाझेल येथे पहिली झिओनिस्ट परिषद भरली होती; ज्यूंनी पॅलेस्टाइनकडे जावे या तिच्या विचाराला बुंडवाल्यांचे उत्तर असे होते की, आपण जिथे राहतो, राबतो, तिथेच आपले हक्क मागायचे. ‘स्थानिकता’मध्ये हा आग्रह ऐकू येत नाही.