दापोलीच्या गाडीत कोणती कादंबरी न्यायची?

सेक्रेटरी काका: सर्वांना नमस्कार. डिसेंबरच्या दापोली सहलीची गाडी भरली. दोन मुक्काम, हर्णै, मुरूड, कर्दे, तिन्ही किनारे धरले आहेत. जळगावहून रस्ता लांबचा आहे, पोरांना मोबाईलशिवाय काहीतरी द्या, ही विनंती.

सी-३०४ ताई: काका, मोठ्यांनाही द्यायला हवं. मी सुचवते: प्रत्येकाने कोकणातली एक कादंबरी बरोबर घ्यावी, येता-जाता अदलाबदल करू. तुमच्या आवडीच्या सांगा, मी यादी करते.

बँकेतले भाऊ: गारंबीचा बापू. दुसरं नाव सुचतच नाही.

बी-२०१ दादा: तुंबाडचे खोत! तो 'तुंबाड' नावाचा भुताचा पिक्चर तिथलाच ना? हस्तर, सोनं, पाऊस...

मराठीचे सर: दादा, पिक्चरने नाव तिथून घेतलं, गोष्ट वेगळी आहे. श्री. ना. पेंडसेंची ही कादंबरी १९८७ची, दोन जाडजूड खंडांत. खेडजवळ जगबुडी नदीच्या काठच्या खोतांच्या घराण्याची, चार पिढ्यांची. त्यात भूत नाही, माणसंच आहेत, आणि ती पुरेशी भयंकर आहेत. वाचच. एक खंड गाडीत, दुसरा परत आल्यावर.

बँकेतले भाऊ: मी बी वाची राहिनू सर, पुस्तक हातमा शे. पण एक अडतं. खोत म्हणजे नेमकं कोण? आपल्याकडे पाटील, कुलकर्णी होते. खोत ऐकला नाही कधी.

मराठीचे सर: हे कळल्याशिवाय पेंडसे अर्धेच कळतात, म्हणून जरा लांब लिहितो. आपल्या खानदेशात रयतवारी होती. जमीन शेतकऱ्याच्या नावावर, सारा तो थेट सरकारात भरणार. कोकणातल्या बऱ्याच गावांत सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत होता. सरकारला ठरलेला सारा तो भरायचा आणि कुळांकडून पिकाचा वाटा घ्यायचा. वाटा किती, वेठ किती, हे त्याच्या मर्जीवर. म्हणून त्या कादंबऱ्यांत खोताचं घर म्हणजे गावची कचेरी, कोर्ट, सावकारी पेढी, सगळं एकाच ओटीवर. ही पद्धत बंद व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला, जमिनी पडीक ठेवल्या. कायद्याने खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. तुंबाडच्या खोतांचा माज आणि पुढची पडझड या पार्श्वभूमीवर वाचा, वेगळीच दिसेल.

बँकेतले भाऊ: आता बसलं डोक्यात. धन्यवाद सर.

सी-३०४ ताई: सर, यादी करताना मला एक जाणवलं. सहलीचे तिन्ही दिवस आपण किनाऱ्यावर आहोत. आणि मी नावं लिहिते आहे ती कुठली? गारंबी, तुंबाड, गोनीदांची, म्हणजे गो. नी. दांडेकरांची पडघवली. यातली गोष्ट वाळूवर कुठे घडते? खाडी आहे, पोफळीची बाग आहे, डोंगराची घळ आहे. समुद्र जवळच आहे, पण गोष्टीत तो मागे कुठेतरी.

मराठीचे सर: ताई, अगदी मनातलं बोललात. कोकणची कादंबरी किनाऱ्यापासून आत, वाडीत राहते. आपण बघायला जातो ते कोकण आणि लेखकांनी लिहिलं ते कोकण यांत पाच-दहा किलोमीटरचं अंतर आहे. माझं मत विचाराल तर एक किनारा कमी करून ते अंतर चालून यावं.

गुहागरच्या काकू: सर, मी आजवर या ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग पाठवत आले, पण आज लिहिते. माझं माहेर दाभोळ खाडीच्या पलीकडचं. लग्न होऊन जळगावला आले तेव्हा इथे सगळे विचारायचे, रोज समुद्रावर जायचात का? आम्हाला कुठला वेळ! समुद्र कोळ्यांचा. आमचं सगळं विहिरीवर आणि आगोटीवर. आगोट म्हणजे पावसाआधीची बेगमी. मे महिन्यात लाकडं, शेण्या, मीठ, सुकी मासळी, आमसुलं, फणसाची साटं सगळं भरून ठेवायचं, कारण नंतर घराबाहेर पडणं मुश्कील. पावसाचं पाणी अंगणातून वाहत जायचं आणि त्याच अंगणातली विहीर पुढच्या एप्रिलमध्ये तळ दाखवायची. आई पहाटे उठून शेंदायला जायची, कारण रात्रभरात साठलेलं पाणी आधी येईल त्याचं.

बी-२०१ दादा: काकू, एवढा पाऊस पडूनही?

गुहागरच्या काकू: हो रे बाळा. मे महिन्यात कितीतरी वाड्यांना टँकर लागतो.

मराठीचे सर: दापोलीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आपल्या जळगावला सातशेच्या आसपास. पण तिथला जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र, समुद्र जवळ. पडलेलं पाणी थांबतच नाही. आपली तापीकाठची काळी जमीन पाणी धरून बसते, म्हणून आपण केळी लावू शकतो. श्यामची आईमधलं, पडघवलीमधलं दारिद्र्य समजून घ्यायचं तर हे माहीत पाहिजे. हिरवंगार दिसतं म्हणून तिथे सुबत्ता असेल असं आपल्या डोळ्यांना वाटतं. भाताचं एक पीक आणि मुंबईची मनीऑर्डर, यावर घर चालायचं.

सी-३०४ ताई: श्यामची आई यादीत घ्यायची का? ती कादंबरी म्हणावी का, यावर वाद होईल.

मराठीचे सर: वाद होऊ दे, पुस्तक घ्या. ते सोडून आपण जळगाव जिल्ह्यातली माणसं दापोलीला गेलो तर मला खरंच वाईट वाटेल. साने गुरुजी जन्मले पालगडला, दापोली तालुक्यात, २४ डिसेंबर १८९९. आणि शिकवलं कुठे? आपल्या अमळनेरला, प्रताप हायस्कूलमध्ये, १९२४ ते १९३०. छात्रालयातल्या मुलांची अंथरुणं, कपडे, आजारपण सगळं त्यांनी बघितलं. नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते, ती प्रवचनं उतरवून घेतली ती गुरुजींनी. आणि १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत श्यामची आई लिहिली. पालगडची माती आहे, पण ती मुलांना कशी सांगायची, हे ते आपल्या अमळनेरच्या पोरांमध्ये शिकले असं मी मानतो.

ए-१०२ आजी: माझे वडील अमळनेरचे. त्यांच्या तोंडी गुरुजींचं नाव सतत असायचं. सेक्रेटरी, पालगडला गाडी थांबवा. मी उतरणार.

सेक्रेटरी काका: आजी, थांबवू. आपण त्याच आठवड्यात जातोय. २४ तारीख साधता येते का बघतो.

बी-२०१ दादा: सर, एक विचारू? शाळेत आम्हाला श्यामची आई म्हणजे फक्त रडायचं पुस्तक वाटायचं.

मराठीचे सर: परत वाच, आणि या वेळी पैशाकडे लक्ष ठेव. कोणी कोणाकडून किती घेतलं, व्याज कसं वाढलं, घरावर जप्ती कशी आली. आई खचते ती त्या कर्जाने. अळणी भाजीच्या गोष्टीत वडील न बोलता जेवतात, ते तुला आठवेल. पण सावकाराचा माणूस दारात बसतो ते प्रकरण विसरलं असेल. सगळ्या पुस्तकाचा भार त्यावर आहे.

एक आणखी. कोकणच्या बहुतेक कादंबऱ्या कोकणापासून दूर बसून लिहिल्या गेल्या. पेंडसे मूळचे मुर्डीचे, दापोलीजवळचे, पण नोकरी मुंबईत बेस्टमध्ये. जयवंत दळवी आरवलीचे, राहिले मुंबईत. गुरुजी तुरुंगात. गोनीदा तर कोकणचेच नव्हेत, आपल्या शेजारच्या वऱ्हाडातले, परतवाड्याचे. तरी १९५५ साली पडघवली लिहिली, आणि तीही अंबावहिनीच्या तोंडून, बाईच्या बोलीत. घरं एकेक करून ओस पडताना गावात मागे राहिलेली बाई जे बघते, ते.

गुहागरच्या काकू: पडघवली मी पूर्ण वाचू शकत नाही. आमच्या वाडीत आता कुलूप नसलेली घरं बोटावर मोजण्याइतकी. गणपतीला उघडतात, दिवे लागतात, पुन्हा बंद.

ए-१०२ आजी: मी रथचक्र घेऊन येणार. नवरा घर सोडून गेलेला, एकत्र कुटुंबात पोरांचं शिक्षण होणार नाही म्हणून ती बाई सगळं टाकून तालुक्याच्या गावी जाते. माझी आई अशीच यावल तालुक्यातून आम्हा भावंडांना घेऊन जळगावला आली होती. कापसाच्या जिनमध्ये काम केलं. कादंबरी वाचताना मला कोकण दिसलंच नाही, आमची दहा बाय दहाची खोली दिसली. पेंडसेंना त्या पुस्तकासाठी साहित्य अकादमी मिळालं, ते योग्यच झालं.

सी-३०४ ताई: आजी, गाडीत हे पुन्हा सांगाल? पोरांना ऐकायचं आहे.

ए-१०२ आजी: सांगेन की.

बँकेतले भाऊ: कोणीतरी हलकंफुलकंही सांगा, सगळी गाडी रडत जाईल.

सी-३०४ ताई: सारे प्रवासी घडीचे, दळवींचं, १९६४. आरवली गावची एकेक वल्ली. मोठ्याने वाचायला उत्तम. आरवली वेंगुर्ल्याकडे आहे, या वेळी जमणार नाही, पण कधी गेलात तर वेतोबाच्या देवळात बघा, देवाला नवसाच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो त्या घालून गावाची राखण करत हिंडतो, अशी श्रद्धा आहे.

बी-२०१ दादा: आणि समुद्र हवाच असेल तर?

मराठीचे सर: मग कोंडुरा. चि. त्र्यं. खानोलकर, म्हणजे कवी आरती प्रभू, यांची १९६६ ची. कोंडुरा नावाची जागा वेंगुर्ल्याजवळ खरीच आहे, कातळात घुसणाऱ्या लाटांची. त्या समुद्राकडून परशुरामतात्याला एक देणं मिळतं आणि तिथून सगळं बिघडत जातं. तिथला समुद्र फोटो काढायचा नाही, घाबरायचा आहे. पण दादा, ती प्रवासात नको. घरी, रात्री, एकटा बसून वाच.

सी-३०४ ताई: सर, आता माझी एक तक्रार, पुस्तकांबद्दलची. यादी बघितली तर बहुतेक गोष्टी खोताच्या नाहीतर भटजीच्या माजघरातून सांगितलेल्या. कुळं येतात ती अंगणात उभी राहून बोलतात आणि जातात. त्या अंगणातून कोकण कसं दिसत असेल?

मराठीचे सर: तक्रार रास्त आहे. पेंडसेंचा बापू गावच्या बड्यांना भिडतो, राधेसारख्या बाईशी उघडपणे घर मांडतो, १९५२ साली हे मोठंच होतं. तरी तुमचा प्रश्न शिल्लक राहतोच.

सी-३०४ ताई: म्हणून मी ऊर्मिला पवार यांचं आयदान यादीत घालते, २००३ चं. कादंबरी नाही, आत्मकथन आहे. श्यामची आई चालते तर हेही चाललं पाहिजे. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या दलित बायका डोक्यावर ओझी घेऊन डोंगर-घाट्या तुडवत रत्नागिरीच्या बाजारात जातात, तिथून ते सुरू होतं. सूप-टोपल्या विणणारी आई आहे. तीच हिरवळ, तोच पाऊस, पण पायाखाली दगड आहेत. मी दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली, पालगडची आई आणि फणसवळ्याची आई. दोघींना मुलांना शिकवायचंच होतं. एकीच्या घराची जप्ती झाली म्हणून आपण सगळे रडलो. दुसरीला जमीन-घराची प्रतिष्ठा मुळात मिळालीच नव्हती, तिचं पुस्तक किती घरांत आहे? मला हे फार मनापासून वाटतं, म्हणून लिहिलं.

गुहागरच्या काकू: ताई, आमच्याकडे टोपल्या द्यायला एक म्हातारी यायची. ओटीच्या खाली बसायची. तिला चहा वेगळ्या कपात. मी तेव्हा लहान होते, पण आज तुझं वाचून ती समोर आली. मला हे पुस्तक हवं आहे.

मराठीचे सर: ताई, यादीत आयदान सर्वांत वर लिहा.

सेक्रेटरी काका: सगळं वाचलं. मीही एक बदल सुचवतो. कर्द्याचा किनारा रद्द. त्याऐवजी सकाळी पालगड, गुरुजींचं घर स्मारक म्हणून जपलं आहे ते बघू. दुपारनंतर आसूद. तिथून खाली उतरून नदीवरचा साकव ओलांडला की पोफळी-नारळाच्या बागांतून केशवराजच्या देवळाकडे पायऱ्या चढतात. पेंडसेंचं मुर्डी तिथून जवळच. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव. कोणाची हरकत?

बँकेतले भाऊ: हरकत नाही. पायऱ्या किती उंच? आजींना झेपेल?

ए-१०२ आजी: आजी साकवापर्यंत येतील आणि बागेत बसतील. पालगडला मात्र शेवटपर्यंत.

बी-२०१ दादा: मी तुंबाडचे खोत घेतो. व. वा. वाचनालयात नसेल तर भाऊ, तुमचा खंड संपवा लवकर.

बँकेतले भाऊ: पहिला रविवारी देतो. पानं दुमडायची नाहीत.

गुहागरच्या काकू: ताई, आयदान आज मिळेल का? सहलीपर्यंत थांबवत नाही.

सी-३०४ ताई: काकू, पिशवीत घालून खाली वॉचमनकाकांकडे ठेवलं आहे, तुमच्या नावाने. पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, तुमच्याही करा.