खजिनदारांचा संगणक आणि रखडलेली मेंटेनन्स बिले

बी-३०२ (खजिनदार): सर्व सभासदांना नमस्कार. या महिन्याची बिले का निघाली नाहीत, याची विचारणा लिफ्टमध्ये आणि काल तर भाजीच्या गाडीवर माझ्या पत्नीकडेही झाली, म्हणून इथेच लिहितो. माझ्या घरच्या संगणकावर हिशेब भरताना मधेच निळा पडदा येतो, त्यावर कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’ तर कधी ‘पेज फॉल्ट’ असे लिहिलेले असते आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकून दिले, तरी फरक नाही.

ए-१०१: पाण्याचा पंप सुरू झाला की आमच्याकडे दिवे मंद होतात. अर्थिंग तपासून घ्यावे, असे मी मागच्या सर्वसाधारण सभेतही सुचवले होते.

सी-४०४: पडद्यावरचा मजकूर दर वेळी बदलत असेल, तर पहिला संशय रॅमवर, म्हणजे संगणकाच्या कामचलाऊ स्मृतीवर घ्यावा. खरे तर विंडोज टाकण्याआधीच हे तपासायला हवे होते, कारण सदोष रॅममधून जाणारी माहिती बिघडूनच डिस्कवर उतरू शकते. ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ ही विंडोजमधलीच रॅमची चाचणी चालवून एफ१ दाबा आणि विस्तारित चाचणी निवडा. तिने निर्वाळा दिला तरी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर रात्रभर चालू ठेवावे. तिथे एक चूक दिसली तरी ती सोडून देण्यासारखी नसते.

डी-२०३: एकही चूक चालत नसेल, तर हीच चाचणी सिंकिंग फंडाच्या हिशेबालाही लावावी, अशी नम्र सूचना. 😀

बी-३०२ (खजिनदार): ते हिशेब लेखापरीक्षकांनी तपासले आहेत. सोसायटीसाठी वेगळा संगणक घेण्याचा ठराव ‘अनावश्यक खर्च’ म्हणून कोणी अडवला, हे इतिवृत्तात आहे.

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहावे.

ए-१०१: माझा पंपाचा मुद्दा वाचला गेलेला दिसत नाही, म्हणून पुन्हा लिहिते. पंप सुरू झाला की दिवे मंद होतात.

सी-४०४: काकू, आपला मुद्दा गैरलागू नाही, संगणकातला पॉवर सप्लाय कमकुवत असला तरी अशीच लक्षणे दिसतात. पंप बंद असतानाही यंत्र कोसळते का?

बी-३०२ (खजिनदार): पंप सकाळी चालतो आणि मी हिशेबाला रात्री जेवणानंतर बसतो. मेमटेस्टमध्ये चुकांच्या लाल ओळी आल्या आहेत. आत आठ-आठ जीबीच्या डीडीआर४ प्रकारच्या रॅमच्या दोन पट्ट्या आहेत.

सी-४०४: मग आधी बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवण्याची सेटिंग, चालू आहे का, ते पाहा. डीडीआर४ चे मानक १.२ व्होल्टचे आहे, पण एक्सएमपीमध्ये ती बहुधा १.३५ व्होल्टवर, अधिक वेगाने चालवली जाते. ते बंद केल्यावर चुका थांबल्या, तर पट्टी बाद ठरवू नये. न थांबल्यास वीज काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून, एका वेळी एकच पट्टी बसवून चाचणी घ्या. एकच पट्टी दोन्ही खाचांत चुका देत असेल तर दोष पट्टीचा. दोन्ही पट्ट्या एकाच खाचेत चुकत असतील तर मदरबोर्डचा, म्हणजे ज्यावर या खाचा असतात त्या मुख्य पाटीचा.

डी-२०३: आमच्याकडे खोडरबराने घासल्यावर रॅम सुरळीत झाली होती.

सी-४०४: संपर्क मळले असतील तर उपयोग होतो, पण भुगा खाचेत पडू देऊ नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल त्याहून बरे.

बी-३०२ (खजिनदार): एक्सएमपी बंदच होते. एक पट्टी दोन्ही खाचांत चुका देते, दुसरी निर्दोष आहे. तूर्त त्या एकीवरच काम चालू केले आहे. दुकानदार म्हणतो, हमी शिल्लक आहे, पण संच एकत्र घेतल्यामुळे दोन्ही पट्ट्या परत द्याव्या लागतील.

ए-१०१: अर्थिंगचे काय ठरले?

सेक्रेटरी: इलेक्ट्रिशियनला रविवारी बोलावले आहे.

सी-४०४: खजिनदारसाहेब, बिघाडाच्या काळात घेतलेल्या बॅकअपवरही विसंबू नये. त्या नोंदी बँकेच्या पासबुकाशी आणि पावतीपुस्तकाशी ताडून पाहाव्यात.

डी-२०३: ताडताना माझी पार्किंगची पावती अवश्य पाहावी, मी पैसे भरूनही थकबाकी दाखवली आहे.

बी-३०२ (खजिनदार): आपली थकबाकी रॅम बिघडण्याच्या पूर्वीची आहे.