शेअर्ड फोल्डरवर एसक्यूलाइट नको
एसक्यूलाइट (SQLite) हा सगळा डेटा एकाच फाइलमध्ये ठेवणारा डेटाबेस. त्याची फाइल नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून विंडोज आणि लिनक्सवरून एकत्र वापरावी, ही सूचना मला धोक्याची वाटते. विंडोजवर बनलेली फाइल अँड्रॉइडवरही जशीच्या तशी उघडते, हे खरंच. पण प्रश्न फाइलच्या स्वरूपाचा नाही, लॉकिंगचा, म्हणजे एक प्रोग्रॅम लिहीत असताना दुसऱ्याला थांबवण्याचा आहे. नेटवर्कवर लॉक नीट पाळले गेले नाहीत, तर दोघं एकदम लिहितात आणि डेटा खराब होतो. वॉल मोड (WAL, बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये नोंदवण्याची एसक्यूलाइटची पद्धत) तर सगळे प्रोग्रॅम एकाच मशीनवर आहेत असं धरूनच चालतो.

त्यापेक्षा आरक्यूलाइट (rqlite) हा अनेक मशीनवर मिळून चालणारा डेटाबेस बघा. आत एसक्यूलाइटच, वर राफ्ट, म्हणजे सगळ्या मशीनवरच्या प्रती एकसारख्या ठेवण्याची पद्धत; ३ पैकी १ मशीन बंद पडलं तरी काम चालू राहतं. लिहिणं थोडं मंदावतं, तेवढं सोसावं. मात्र फील्डवर नेट नसतानाही नोंदी करायच्या असतील, तर काउचडीबी (सर्व्हरवरचा डेटाबेस) आणि पाउचडीबी (ब्राउझरमध्ये चालणारा, नेट आल्यावर काउचडीबीशी नोंदी जुळवणारा डेटाबेस) यांची जोडी घ्या.